कॅनिस्टर फिल्टर: मीडिया किती मावतो आणि घाण कुठे अडते

माशांची चार फुटी टँक, खालच्या कपाटात पाणी गाळणारा कॅनिस्टर, खोक्यावर १४०० लिटर प्रति तास. पहिल्या दिवशी आउटलेटच्या धारेने समोरची व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती आडवी झाली. तीन महिन्यांनी तीच धार नळ नीट बंद न केल्यासारखी. दुकानात विचारलं तर उत्तर तयार होतं, "याच्यापुढचं मॉडेल घ्या." तेवढे पैसे नव्हते म्हणून डबा उघडून बघत बसलो. तेव्हापासून कोणी नवा कॅनिस्टर घेतोय म्हटलं की मी मीडिया (डब्यात भरायचे स्पंज, सिरॅमिकच्या रिंगा वगैरे) किती लिटर मावतो हे नंतर विचारतो. आधी विचारतो, घाण कुठे अडते, आणि तिथे तुमचा हात पटकन पोचतो का?

आधी पाण्याची वाट शोधा

कॅनिस्टर म्हणजे हवाबंद डबा. टँकमधलं पाणी सायफनने खाली उतरतं, मीडियातून जातं आणि पंप ते परत वर ढकलतो. जाणारी आणि येणारी दोन्ही नळ्या पाण्याने भरलेल्या असल्यामुळे पंपाला ते सगळं पाणी चार फूट उचलावं लागत नाही. एका बाजूचं वजन दुसरी बाजू तोलते. पंपाची ताकद खर्च होते ती घर्षणात: नळ्या, वळणं, स्पंज, रिंगा. म्हणून घर्षण वाढवणारी प्रत्येक गोष्ट थेट धार कमी करते. खोक्यावरचा आकडा बहुधा रिकाम्या डब्याचा असतो. मीडिया भरल्यावर त्याच्या निम्मा-पाऊण प्रवाह मिळाला तर फिल्टर ठीक चाललाय असं समजा.

बास्केटवाल्या बहुतेक डब्यांत पाणी वरून आत येतं, एका बाजूच्या पोकळ मार्गाने तळापर्यंत जातं आणि तिथून एकेक बास्केट चढत वर येतं. म्हणजे घाणेरडं पाणी सगळ्यात आधी खालच्या बास्केटला भेटतं. टँकच्या वर बसणारा टॉप फिल्टर वापरून आलेले लोक इथे हमखास चुकतात, कारण तिथे पाणी वरून पडतं. स्पंज वर, रिंगा खाली, असं भरलं की सगळा गाळ आधी रिंगांत बसतो आणि वरचा स्पंज पांढराशुभ्र राहतो. शंका असेल तर आठ दिवसांनी डबा उघडा. सगळ्यात काळी बास्केट ती पहिली.

डब्यांचे प्रकार

एहाइम कंपनीच्या क्लासिक मालिकेत बास्केटच नसतात. गोल नळकांडं, खाली-वर जाळी, मधे सरळ मीडिया ओतायचा. २२१७ मॉडेलमध्ये तो साधारण ६ लिटर मावतो. डब्याचा पूर्ण घेर मीडियाने भरलेला असतो, त्यामुळे पाण्याला बाजूने पळायला जागाच नाही. छोट्या डब्यात जास्त मीडिया हवा असेल तर याच्यासारखी रचना नाही. पण साफ करायचं म्हणजे सगळं बाहेर काढून पुन्हा थर लावायचे. आळशी माणसाने हा घेऊ नये, किंवा मीडिया जाळीच्या पिशव्यांत भरून ठेवावा.

बास्केटची चळत हा आपल्याकडे सगळ्यात जास्त खपणारा प्रकार. सनसन वगैरे कंपन्यांचे बहुतेक डबे यातच येतात. हाताळायला सोपा. पण पाणी खाली नेणारा मार्ग, बास्केटच्या भिंती, तळाची मोकळी जागा, झाकणातला पंप, हे सगळं मीडियाच्या जागेतून वजा होतं.

फ्लुव्हलच्या ०७ मालिकेत उभा स्पंज बाजूला असतो आणि पाणी आधी त्यातून जातं. मोठ्या एफएक्स ६ मध्ये स्पंज बास्केटांच्या भोवती गुंडाळल्यासारखा बसतो. त्याचे आकडे बघण्यासारखे आहेत: डबा २० लिटरचा, पण बास्केटमधली मीडियाची जागा ५.९ लिटर. क्लासिक २२१७ च्या जवळपास तेवढीच! उरलेली जागा वाया गेली असं नाही. तिथे स्पंजचं मोठं क्षेत्रफळ आणि पाण्याला वाहायला मोकळीक मिळाली, आणि डबा लवकर तुंबू नये म्हणूनच ती ठेवलेली आहे.

ओआसे कंपनीच्या बायोमास्टरमध्ये प्री-फिल्टर, म्हणजे मोठी घाण आधीच अडवणारा स्पंज, वेगळ्या नळकांड्यात असतो. मुख्य झाकण न उघडता तो वरून उपसून काढता येतो, धुऊन परत घालता येतो. मला विचाराल तर कॅनिस्टरमधली अलीकडची सगळ्यात शहाणी कल्पना हीच. महाग पडते, पण तिची नक्कल स्वस्तात होते. ते पुढे सांगतो.

मीडियाचे लिटर स्वतः मोजा

जाहिरातीतला लिटरचा आकडा कधी डब्याचा असतो, कधी बास्केटचा. घरी मोजायला पाच मिनिटं लागतात. बास्केटची आतली लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये घ्या, गुणा, हजाराने भागा. २२ × २२ × ७ सेंमी म्हणजे ३.४ लिटर. त्यातून कोपऱ्यातल्या मार्गाची जागा वजा करा. गोल किंवा वेडावाकडा आकार असेल तर लिटरच्या मापाने रिंगा ओतून मोजा.

मग आणखी एक प्रयोग करा. लिटरच्या मापात काठोकाठ रिंगा भरा आणि मोजून पाणी ओता. पोकळ सिरॅमिक रिंगा असतील तर अर्ध्या लिटरहून जास्त पाणी मावेल. बारीक गोळ्या किंवा खडे भरले तर कमी. ही पोकळी म्हणजे पाण्याचा रस्ता, आणि गाळ साठायची जागाही तीच. बारीक मीडियाला पृष्ठभाग, म्हणजे जिवाणूंना राहायची जागा, जास्त मिळतो, पण रस्ता अरुंद होतो. दुकानदार पृष्ठभागाचा आकडा सांगतो, रस्त्याचा सांगत नाही.

किती मीडिया पुरे? मध्यम संख्येने मासे असलेल्या चार फुटी टँकला चांगल्या मीडियाचे ३ लिटर पुरतात असं माझं मत आहे. ऑस्कर किंवा गोल्डफिश पाळत असाल तर जास्त घ्या. मात्र गाळाने माखलेल्या ६ लिटरपेक्षा स्वच्छ ३ लिटर बरे. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंना ऑक्सिजन लागतो, आणि तो त्यांच्यापर्यंत वाहत्या पाण्यातूनच पोचतो. रिंगेवर तपकिरी थर बसला की तोच थर कुजताना ऑक्सिजन खातो आणि खालच्या जिवाणूंना उपाशी ठेवतो.

महागड्या मीडियाचा हट्ट नको. प्युमिस, लाव्हा रॉक (दोन्ही सच्छिद्र ज्वालामुखी दगड), धुतलेल्या विटेचे बोटभर तुकडे, मडक्याची खापरं, सगळं चालतं. भांडी घासायची प्लॅस्टिकची घासणीसुद्धा उत्तम, फक्त साबण लावलेली आणि तारेची नको. शंख-शिंपले किंवा प्रवाळाचे तुकडे गोड्या पाण्याच्या टँकमध्ये घातले तर पाणी जड होत जातं.

उंच डबा की पसरट?

दोन डबे घ्या, दोन्हीत मीडिया ६ लिटर. पहिला १५ सेंमी व्यासाचं उंच नळकांडं, त्यात मीडियाचा थर ३४ सेंमी. दुसरा २२ × २२ चा चौकोनी, थर साडेबारा सेंमीच्या आसपास. दोन्हीतून तासाला ६०० लिटर पाणी सोडलं तर उंच डब्यात ते सेकंदाला साधारण ०.९ सेंमी वेगाने चढतं, पसरट डब्यात ०.३५ सेंमी. वेग पावणेतीन पट, आणि कापायचं अंतरही पावणेतीन पट. सच्छिद्र थरातून पाणी ढकलायला लागणारा दाब या दोन्हींच्या गुणाकाराने वाढतो, म्हणून एकाच प्रकारच्या मीडियासाठी उंच डब्यात सुमारे साडेसात पट दाब लागतो. फ्लॉसच्या (बारीक धूळ अडवणाऱ्या कापसासारख्या थराच्या) चकतीचंही तेच. पसरट डब्यात तिचं क्षेत्रफळ पावणेतीन पट, म्हणजे ती तुंबायलाही तेवढ्याच पटीने जास्त काळ.

मग उंच डबे बनवतात कशाला? कारण पसरट थरात पाणी सगळीकडे सारखं पसरेल याची खात्री नसते. जिथे गाळ कमी तिथून ते आपली पायवाट पाडतं आणि कोपऱ्यातला मीडिया कोरडेपणाने बघत बसतो, म्हणजे बुडालेला असूनही. उंच, अरुंद डब्यात पाण्याला मीडियातून गेल्याशिवाय सुटका नाही. म्हणून उंच डब्यात भरड मीडिया भरा. पसरट डब्यात तळाला आडवा भरड स्पंज ठेवा, म्हणजे पाणी पसरून वर येईल.

बास्केट भरायचा क्रम

पाणी खालून वर चढतं असं धरून सांगतो. तुमच्या डब्यात उलटं असेल तर क्रमही उलटा.

सगळ्यात खाली भरड स्पंज, साधारण २० पीपीआयचा. पीपीआय म्हणजे एका इंचात किती छिद्रं. आकडा मोठा तितका स्पंज बारीक. त्यावर ३० पीपीआयचा. स्पंजला शक्य तितकी जागा द्या. चार बास्केट असतील तर मी दीड बास्केट स्पंजलाच देतो. मला दुकानात चारही बास्केट रिंगांनी गच्च भरून दिल्या होत्या. तीन महिन्यांत तळाची बास्केट चिखलाच्या विटेसारखी झाली होती.

त्यानंतर जैविक मीडिया, म्हणजे जिवाणूंचं घर असलेल्या रिंगा, प्युमिस वगैरे. दाबून भरू नका, काठापासून बोटभर खाली थांबा. बास्केट उतू गेली की झाकण नीट बसत नाही आणि गळती सुरू होते.

सगळ्यात शेवटी फ्लॉस, पण पातळ थर. पाण्याला चकाकी येते ती त्यामुळेच. गादीवाल्याकडे उशीत भरायचा पांढरा पॉलिफिल मिळतो, तो सुगंध किंवा रसायन न लावलेला असेल तर हेच काम करतो. पण सगळ्या डब्यात सगळ्यात आधी तुंबतो तो फ्लॉसच, आणि तो तुंबला की बाकीचे लिटर कितीही असोत, प्रवाह फ्लॉसच ठरवतो. दर पंधरा दिवसांनी डबा उघडणं जमणार नसेल तर फ्लॉस घालूच नका. पाणी तितकं चकचकीत दिसणार नाही, माशांना फरक पडणार नाही.

कार्बन कायमचा भरून ठेवायची गरज नाही. औषध दिल्यानंतर ते पाण्यातून काढायला तो उपयोगी आहे. एरवी जागा अडवतो.

इनटेकवर स्पंज चढवा

हीच ती स्वस्त नक्कल. टँकमधल्या इनटेकच्या (पाणी आत ओढणाऱ्या तोंडाच्या) जाळीवर नळीसारखा भोक असलेला भरड स्पंज चढवा. सडकी पानं, उरलेलं खाणं, विष्ठेचे गोळे तिथेच अडतात आणि डब्यात जाते फक्त बारीक धूळ. आठवड्याच्या पाणीबदलाच्या वेळी पंप बंद करा, स्पंजभोवती प्लॅस्टिकची पिशवी धरा, पिशवीतच ओढून काढा, टँकच्या पाण्यात पिळा आणि परत चढवा. पिशवी नसेल तर अर्धी घाण टँकमध्येच सांडते.

दिसायला हा काळा ठोकळा कुरूप असतो, हे मान्य. झाडांमागे लपवा. पण गप्पींची पिल्लं आणि श्रिंप (बारीक कोळंब्या) वाचतात, हाही फायदा. स्पंज लावण्याआधी माझ्या कॅनिस्टरच्या तळाशी चेरी श्रिंपची अख्खी वाडी नांदत होती, टँकमधल्यांपेक्षा गुबगुबीत. फार बारीक स्पंज मात्र लावू नका. तो दोन दिवसांत तुंबला की पंप कोरडा पडायला लागतो आणि खडखड ऐकू येते.

धार जोरदार, तरी पाणी गढूळ

सगळ्यात फसवी अवस्था ही. स्पंज तुंबला की पाणी सोपी वाट शोधतं: बास्केट आणि डब्याच्या भिंतीमधली फट, दोन बास्केटांच्या मार्गाचे सांधे, उचकटलेली रबरी पट्टी. धार कायम राहते, पण पाणी मीडियाला न शिवता परत येतं. डबा उघडल्यावर भिंतीच्या आतून पाहा. बास्केटांच्या कडांवर तपकिरी रेघ आणि वरचा फ्लॉस मात्र स्वच्छ, असं दिसलं तर पाणी बाजूने पळतंय. स्पंज बास्केटच्या मापापेक्षा अर्धा सेंमी मोठा कापा म्हणजे तो कडांना टेकून बसेल. सांध्यांच्या पट्ट्या जागेवर आहेत का बघा, आणि प्रत्येक बास्केट खालच्या बास्केटमध्ये टक आवाज करून बसलीय ना याची खात्री करा. चौकोनी डब्यांत हा त्रास जास्त, गोल आणि बास्केट नसलेल्या डब्यांत जवळपास नाही.

नळ्या

माझ्या पहिल्या कॅनिस्टरचा खरा चोर इथे सापडला. दहा लिटरची बादली भरायला नवा असताना ४५ सेकंद लागत होते, तीन महिन्यांनी १००. मीडिया सगळा धुतला, ८० वर आला. वैतागून नळ्यांत ब्रश घातला तर आतून काळपट बुळबुळीत सालंच्या सालं निघाली. बादली ५५ सेकंदांत भरली.

१२ मिलिमीटरच्या नळीत चहूबाजूंनी एक मिलिमीटरचा थर बसला की आतला व्यास १० उरतो. वाहायची जागा ३० टक्क्यांनी घटते आणि तोच प्रवाह टिकवायला लागणारा दाब दुपटीहून जास्त वाढतो. नळ्या लागतील तेवढ्याच लांब ठेवा. कपाटात नळीचं वेटोळं करून ठेवणं म्हणजे पंपाच्या गळ्यात दगड बांधणं. वर्षातून दोन-तीनदा लांब लवचीक ब्रश फिरवा. काचेचे किंवा पारदर्शक पाइप असतील तर शेवाळही आत धरतं.

इम्पेलर, म्हणजे पंपातलं फिरतं पंख्याचं चाक, तोही याच वेळी काढा. त्याच्या पंखांत गोगलगाय किंवा झाडाचा धागा अडकलेला असतो. बोअरचं जड पाणी असेल तर चुन्याचा पांढरा थर धरतो. तो व्हिनेगरमध्ये तासभर बुडवून, नीट धुऊन काढा. सिरॅमिकचा दांडा हलक्या हाताने. तो वाकत नाही, सरळ मोडतो.

बादलीची चाचणी

कधी साफ करायचा हे कॅलेंडर सांगू शकत नाही, बादली सांगते. फिल्टर नवा किंवा नुकताच साफ केलेला असताना आउटलेटचं तोंड पाण्याच्या पातळीएवढ्या उंचीवर धरा आणि दहा लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते मोजा. तोंड खाली धरलं तर सायफनची जास्तीची ओढ मिळते आणि आकडा खोटा येतो. ५० सेकंद म्हणजे तासाला ७२० लिटर. हा आकडा मार्करने डब्यावरच लिहून ठेवा. महिन्यातून एकदा पुन्हा मोजा. वेळ दीडपट झाली, म्हणजे प्रवाह दोन-तृतीयांशावर आला, की साफसफाई.

धार अचानक एका दिवसात कमी झाली तर तो तुंबण्याचा प्रकार नसतो, बहुधा हवा अडकलेली असते. झाडांसाठी सीओ२ वायू सोडतात त्या टँकमध्ये बुडबुडे फ्लॉसखाली जमतात. पंप चालू असताना डबा हळूच तिरका करा, आउटलेटमधून गुळगुळ करत हवा निघून जाईल. एफएक्स ६ चा पंप दर १२ तासांनी थोडा वेळ थांबतो तो याचसाठी.

धुताना

दोन बादल्या घ्या, दोन्हीत टँकचंच पाणी. एकीत स्पंज पिळायचा, अगदी रगडून. दुसरीत जैविक मीडिया फक्त हलवायचा, भाजी धुतो तसा. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जिवाणूंना मारतं, त्यामुळे नगरपालिकेच्या पाण्याखाली रिंगा धरू नका. फ्लॉस सरळ फेकून द्या. सगळा मीडिया एकाच दिवशी बदलू नका. बदलायचाच असेल तर एक बास्केट आज, दुसरी महिन्याने.

लोडशेडिंगचं गणित वेगळं. ८ लिटरच्या बंद डब्यात २८ अंशांच्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन असतो जेमतेम ६० मिलिग्रॅम. गाळाने भरलेल्या डब्यात तो तास-दोन तासांत संपू शकतो. स्वच्छ डबा जास्त वेळ तग धरतो, म्हणजे इनटेकचा स्पंज इथेही कामाला येतो. वीज तीन-चार तासांहून जास्त गेली असेल तर आल्यावर पंप थेट सुरू होऊ देऊ नका. व्हॉल्व्ह बंद करा, डबा बाहेर काढा, आतलं पाणी कुंडीत ओता. सडक्या अंड्यासारखा वास आला तर मीडिया टँकच्या पाण्यात हलवून घ्या आणि मगच जोडा. तो वास टँकमध्ये गेला तर मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकतात. कॅनिस्टरचा पंप बहुधा २०-३५ वॉटचाच असतो, घरात इन्व्हर्टर असेल तर त्याची एक लाइन टँककडे ओढून घ्या.

झाकण लावताना

ओ-रिंग, म्हणजे झाकणाची रबरी कडी, बोटाने पुसा. वाळूचा एक कण राहिला तरी गळती होते. सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवा, खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन नको. डबा आधी मगाने पाण्याने भरा, मग झाकण लावा आणि व्हॉल्व्ह उघडा, म्हणजे प्राइम करताना, म्हणजे सायफन सुरू करून डबा पाण्याने भरताना, हवा कमी अडकेल. चारही क्लिप समोरासमोरच्या जोडीने लावा, एका बाजूने दाबत गेलात तर रबर सरकतं. मग डब्याखाली वर्तमानपत्राचा कागद पसरून झोपा. थेंब-थेंब गळत असेल तर सकाळी कागदावर ओला डाग दिसेल, आणि तो डब्याच्या कुठल्या बाजूला आहे त्यावरून कुठली क्लिप पुन्हा उघडून बघायची तेही कळेल.